रेसिडेन्सी कोऑर्डिनेटरने स्वतःची वाढ कशी आखावी: एका पानाची योजना

रेसिडेन्सी प्रोग्रामच्या (डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या) कोऑर्डिनेटरला "प्रोफेशनल डेव्हलपमेंट करा" असं सगळेच सांगतात आणि हातात वेबिनारची यादी ठेवतात. मी अशा याद्या बरीच वर्षं इमानेइतबारे संपवल्या. प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली, काम मात्र होतं तसंच राहिलं. आपण जे शिकतो ते आपल्याच प्रोग्राममधल्या एखाद्या अडलेल्या ठिकाणी लागू पडलं पाहिजे. तसं नसेल तर ते डोक्यात टिकत नाही, आणि त्यासाठी वेळ आणि पैसा द्यायलाही कोणी तयार होत नाही.

हा लेख अमेरिकेतल्या टीचिंग हॉस्पिटलांत रेसिडेन्सी किंवा फेलोशिप प्रोग्राम सांभाळणाऱ्यांसाठी आहे. मुलाखतींचं वेळापत्रक, एसीजीएमईकडे (अशा प्रोग्रामांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे) भरायची माहिती, ड्यूटीचे तास, परदेशी डॉक्टरांच्या जे-१ व्हिसाची कागदपत्रं हे सगळं तुमच्या हातून रोज जातं असं धरून चालते.

पायरी १: वर्ष एका कागदावर मांडा

१ जुलैला नवे रेसिडेंट. उन्हाळा सरता सरता एसीजीएमईच्या एडीएस या ऑनलाइन प्रणालीत भरायची वार्षिक माहिती. सप्टेंबरअखेर अर्ज, मग जानेवारीपर्यंत मुलाखती. हिवाळ्यात माइलस्टोन्सचा (रेसिडेंटच्या प्रगतीच्या टप्प्यांचा) पहिला अहवाल आणि रेसिडेंट सर्व्हे, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच डे, म्हणजे कोणता उमेदवार कोणत्या प्रोग्रामला मिळाला ते कळण्याचा दिवस, मे-जूनमध्ये माइलस्टोन्सचा दुसरा अहवाल, ३० जूनला वर्ष संपलं. जे आठवडे मोकळे दिसतात त्यांवर आत्ताच खूण करा. माझ्या अनुभवात एप्रिलचा पहिला पंधरवडा आणि ऑगस्टचा मध्य, एवढेच हाताशी राहतात.

पायरी २: नियम स्वतः वाचा

दुसऱ्याने केलेला सारांश नको, मूळ दस्तऐवज घ्या: एसीजीएमईच्या कॉमन प्रोग्राम रिक्वायरमेंट्स (सगळ्या प्रोग्रामांना लागू असलेले नियम) आणि तुमच्या स्पेशालिटीचे नियम. छापून, पेन्सिल घेऊन वाचा. "मस्ट" कुठे आहे आणि "शुड" कुठे, हे खुणा करत चला. प्रत्येक नियमापुढे कोअर, डिटेल किंवा आउटकम असा शिक्का असतो, तोही बघा. डिटेलच्या बाबतीत चांगल्या स्थितीतल्या प्रोग्रामला वेगळा मार्ग काढायची मुभा असते, कोअरच्या बाबतीत ती नसते. आठवडाभर रोज अर्धा तास दिलात तर पुरतो.

वाचताना जिथे "हे आपल्याकडे नक्की कोण बघतं?" असा प्रश्न पडेल तिथे कोपरा दुमडून ठेवा. पुढच्या पायरीचा सगळा माल त्या दुमडलेल्या पानांत आहे.

पायरी ३: एका पानाची योजना लिहा आणि ती डायरेक्टरसमोर ठेवा

इथेच बहुतेक जणी अडतात. मीही अडले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या वेळी मी एका वार्षिक परिषदेचं माहितीपत्रक घेऊन प्रोग्राम डायरेक्टरकडे गेले. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यातून प्रोग्रामला काय मिळेल?" मी म्हणाले, नवीन माहिती मिळेल, इतर कोऑर्डिनेटरांशी ओळखी होतील. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही तेच उत्तर आलं. मला फार लागलं ते. मुलाखतींच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत ऑफिसात थांबणाऱ्या माणसासाठी दोन दिवस निघत नाहीत, याचं दुःख झालं. आज मागे वळून पाहताना मात्र मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. उत्तर तयार ठेवणं माझं काम होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

ते उत्तर मला एका रेसिडेंटमुळे सापडलं. दुसऱ्या वर्षाचा हा मुलगा तासांचा अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आला. "यात माझा महिना नियमात बसलेला दिसतोय. पण मी तर पार थकून गेलोय, हे कसं?" त्या चार आठवड्यांत एक आठवडा तो सुट्टीवर होता. उरलेल्या तीन आठवड्यांचे तास होते ८४, ८१ आणि ८७, एकूण २५२. आमच्या अहवालात २५२ ला चारने भागलं होतं आणि सरासरी आली होती ६३. आठवड्याला ८० तासांची मर्यादा २००३ पासून सगळ्या स्पेशालिट्यांना लागू आहे, आणि ती चार आठवड्यांच्या सरासरीवर मोजतात हे मला पाठ होतं. पण सुट्टीचे दिवस सरासरीतून दोन्ही बाजूंनी वगळायचे असतात, तासांतूनही आणि दिवसांतूनही, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. २५२ ला तीनने भागलं की ८४ येतात. म्हणजे नियम मोडला होता आणि आमचा कागद सगळं ठीक आहे असं सांगत होता. त्या संध्याकाळी मी मागच्या सहा महिन्यांचे अहवाल पुन्हा तपासायला घेतले.

त्यानंतर लिहिलेलं पान साधारण असं होतं:

अडचण: सुट्टीचा आठवडा धरून सरासरी काढल्यामुळे ८० तासांचं उल्लंघन आपल्या अहवालात दिसत नाही. सहा महिन्यांत अशी काही उदाहरणं सापडली आहेत, आकडे सोबत जोडले आहेत.
नियम: चार आठवड्यांच्या सरासरीचा आणि सुट्टी वगळण्याचा.
मला हवं आहे: परिषदेतल्या ड्यूटीच्या तासांवरच्या सत्रांसाठी दोन दिवस आणि नोंदणीचा खर्च. त्या दोन दिवसांत माझं काम कोण बघेल, तेही ठरवलं आहे.
परत आल्यावर: तीन आठवड्यांच्या आत तपासणीची नवी पद्धत लिहून देईन, आणि चीफ रेसिडेंट्सना (रेसिडेंटांच्या प्रमुखांना) ती समजावून सांगेन.

डायरेक्टरांनी पान वाचलं आणि परिषदेबद्दल एक अक्षरही न काढता पहिल्या ओळीवर अर्धा तास बोलले. मंजुरी शेवटच्या दोन मिनिटांत मिळाली.

तेव्हापासून हे पान मी दरवर्षी लिहिते आणि इतरांनाही लिहायला लावते. काही गोष्टी ठामपणे सांगते.

पहिली ओळ अडचणीची असू द्या, स्वतःच्या इच्छेची नको. "मला शिकायचं आहे" हे खरं असलं तरी ते शेवटी यावं. अडचण एकच घ्या. तीन घेतल्या तर चर्चा तिन्हीकडे फाटते आणि हाती काहीच लागत नाही.

रेसिडेंटचं नाव त्या पानावर कधीही लिहू नका. आकडे पुरेसे असतात. तुमच्याकडे विश्वासाने आलेल्या मुलाचं नाव एकदा कागदावर आलं की पुढच्या वेळी तुमच्याकडे कोणी येणार नाही.

एसीजीएमईच्या सायटेशनची (नियमभंगाच्या अधिकृत ठपक्याची) भीती दाखवू नका. मी असं करणाऱ्या सहकारी पाहिल्या आहेत. त्यांचं त्या वेळी काम झालं, पण नंतर डायरेक्टर त्यांच्याशी जपून बोलू लागले. नियम दाखवा, धमकी देऊ नका.

आणि नियम दाखवताना नियम कोणता आणि स्पष्टीकरण कोणतं, यात गल्लत करू नका. इथे भल्याभल्या चुकतात. कोऑर्डिनेटरला प्रोग्रामच्या कामासाठी राखीव वेळ आणि पाठबळ मिळालंच पाहिजे, हा नियम आहे. किती वेळ, ते रेसिडेंटांच्या संख्येनुसार स्पेशालिटीच्या नियमांत दिलेलं असतं. कोऑर्डिनेटरच्या व्यावसायिक आणि वैयक्तिक वाढीला प्रोग्रामने आणि संस्थेने प्रोत्साहन द्यावं, असंही त्याच दस्तऐवजात लिहिलं आहे, पण ते नियमाखालच्या स्पष्टीकरणाच्या चौकटीत. तिचा आधार जरूर घ्या. ती वाचून दाखवा, कारण बऱ्याच डायरेक्टरांनी ती वाचलेली नसते. मात्र "हे सक्तीचं आहे" असं म्हणू नका. समोरच्याने पान उघडून बघितलं तर तुमचं पुढचं सगळं म्हणणं सैल पडतं.

पैशांआधी वेळ मागा. पैसे नाकारले गेले तरी विनामूल्य शिकण्याची सोय असते. वेळ मिळाला नाही तर तीही वाया जाते. म्हणून तुमच्या गैरहजेरीत फोन कोण उचलणार, रेसिडेंटच्या आजारपणाचा निरोप कोण घेणार, हे आधी ठरवून त्या व्यक्तीशी बोलून ठेवा.

वेळ निवडताना पहिल्या पायरीतला कागद काढा. ऑक्टोबर ते मार्च हा विषय काढूच नका. मॅच झाला की एप्रिलमध्ये मागा, पण हॉस्पिटलचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं ते आधी विचारून घ्या. नव्या वर्षाच्या खर्चाचे आकडे वरिष्ठांकडे गेल्यावर आलेली मागणी कितीही रास्त असली तरी थांबते. कॉरिडॉरमध्ये चालता चालता तर मुळीच मागू नका. वीस मिनिटांची वेगळी भेट ठरवा, पान हातात द्या आणि ते वाचून होईपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं. होकार आला तर त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल पाठवा: काय ठरलं, कधीपर्यंत.

नकार आला तर जीएमई ऑफिसकडे (हॉस्पिटलच्या सगळ्या प्रोग्रामांचं काम बघणाऱ्या कार्यालयाकडे) किंवा त्याच्या प्रमुखांकडे, डीआयओंकडे, जायला हरकत नाही, फक्त डायरेक्टरांना सांगून जा. त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे वार्षिक प्रोग्राम इव्हॅल्युएशन. प्रोग्राम इव्हॅल्युएशन कमिटीने दरवर्षी सुधारणांचा आराखडा करायचाच असतो. तुमची अडचण त्या आराखड्यात गेली आणि ती सोडवण्याची जबाबदारी तुमच्याकडे आली, की तुमचं प्रशिक्षण हे प्रोग्रामचंच काम ठरतं. त्या बैठकीत तुम्ही टिपणं घेत असाल, तर तोंडही उघडा.

पायरी ४: शिका

लर्न ॲट एसीजीएमई या पोर्टलवर विनामूल्य साहित्य आहे, तिथून सुरुवात करा. एसीजीएमईच्या वार्षिक परिषदेत कोऑर्डिनेटरांसाठी सत्रं असतात. पण माझं मत विचाराल तर पहिला खर्च आपल्या स्पेशालिटीच्या संघटनेवर करावा. सर्जरीच्या कोऑर्डिनेटरांची एआरएएस (पूर्वीची एआरसीएस) आहे, पीडियाट्रिक्सच्या प्रोग्राम डायरेक्टरांच्या एपीपीडी या संघटनेत कोऑर्डिनेटरांचा वेगळा विभाग आहे. तिथे भेटणाऱ्या बाईने तुमच्याच अडचणीवर गेल्या वर्षी तोडगा काढलेला असतो, आणि तो ती लगेच ईमेलने पाठवते.

टॅगमी, म्हणजे कोऑर्डिनेटरांना परीक्षा घेऊन प्रमाणित करणारी संस्था. तिच्या सर्टिफिकेशनची घाई करू नका. नावापुढे सी-टॅगमी लागणं ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती मिळवावीच, पण दोन-तीन पूर्ण वर्षांची चक्रं हाताखालून गेल्यावर. त्याआधी अभ्यास करणाऱ्या मुली व्याख्या पाठ करतात, आणि प्रश्न प्रसंगावर आला की गोंधळतात. पात्रतेच्या अटी टॅगमीच्या संकेतस्थळावरूनच वाचा, मैत्रिणीच्या आठवणीवर विसंबू नका.

पायरी ५: परत आल्यावर आठवड्याच्या आत एक गोष्ट बदला

एक फॉर्म, एक चेकलिस्ट, एक ईमेलचा मसुदा, काहीही चालेल. मग इतर विभागांच्या कोऑर्डिनेटरांना बोलावून तासभर ते दाखवा.

पायरी ६: नोंद ठेवा

"परिषदेला हजर" अशी नोंद वार्षिक मूल्यमापनात कोणी वाचत नाही. आधी काय होत होतं, आता काय होतं, हे आकड्यांत लिहा. माझ्या त्या वर्षीच्या नोंदीत एवढंच होतं: सरासरीतून सुट्टी वगळण्याची पद्धत सुरू केली, जुने अहवाल दुरुस्त केले, चीफ रेसिडेंट्सना शिकवलं, आता दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत तपासणी होते. मूल्यमापनाच्या बैठकीला जाताना सोबत आपलं जॉब डिस्क्रिप्शन न्या. वर्षानुवर्षं त्यात "फाइलिंग, फोन, वेळापत्रक" एवढंच राहिलेलं असतं. नियमपालनाची तपासणी तुम्ही करता, हे वाक्य त्यात घालायला सांगा आणि एचआरकडून बदललेली प्रत आल्याशिवाय विषय सोडू नका. माझी प्रत यायला चार महिने लागले. दर सोमवारी सकाळी मी तिच्याबद्दल विचारत होते.