लक्ष लागत नाही म्हणून आणखी एक कप कॉफी? या चुका टाळा

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे पेंग येऊ लागते. कॉफीतलं कॅफीन मेंदूतली त्याची जागा आधीच अडवून बसतं. थकवा जिथल्या तिथेच असतो, फक्त काही तास जाणवत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या बहुतेक चुका सहज पकडता येतात.

‘संध्याकाळची कॉफी मला बाधत नाही’

असं म्हणणाऱ्याला झोप लागतेही, पण ती कशी लागते हे त्याचं त्यालाच कळत नसतं. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचला 200 मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री दहाला जवळपास 100 मिलिग्रॅम अंगात असतं, आणि पहाटे तीनला 50. 2013 च्या एका अभ्यासात झोपण्याच्या 6 तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तेव्हा झोप तासाभराहून जास्त घटली. सकाळी डोकं जड, म्हणून पुन्हा कॉफी. दोन आठवडे दुपारनंतरचा कप बंद करून पाहा. एकाग्रतेची तक्रार बऱ्याचदा इथेच सुटते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर कॅफीन आणखी रेंगाळतं. धूम्रपान करणाऱ्यांत ते लवकर उतरतं.

कप मोजणं

कप लहान-मोठे असतात, म्हणून कप नव्हे, मिलिग्रॅम मोजा. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सहसा सुरक्षित मानलं जातं, गरोदरपणात 200. एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण 80 मिलिग्रॅम असतं. कोला, डार्क चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतलं कॅफीन तर कुणी हिशेबातच धरत नाही.

धडधडीला फक्त ‘टेन्शन’ समजणं

छातीत धडधड, हाताला कंप, उगाचची बेचैनी: चिंतेची लक्षणं हीच आणि जास्त कॅफीनचीही हीच. पॅनिक अटॅक येणाऱ्यांत कॅफीनचा मोठा डोस तसा अटॅक आणू शकतो. त्रास झाला की आधीच्या दोन तासांत काय प्यायलो, ते वेळेसह लिहून ठेवा. चारसहा नोंदींत काही जुळतंय का ते दिसू लागतं. कॅफीन कमी करूनही भीती तशीच राहिली तर डॉक्टरांकडे जा, उगाच कॉफीला दोष देत बसू नका. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर नोंदी बाजूला ठेवा आणि लगेच तपासून घ्या.

एका झटक्यात सोडणं

सोमवारपासून कडकडीत बंद, आणि मंगळवारी डोकं ठणकतंय, चिडचिड होतेय, कामात मन नाही. मग निष्कर्ष काय, तर ‘मला कॉफीशिवाय जमतच नाही’! खरं तर हा कॅफीन सुटल्याचा त्रास आहे. तो 12 ते 24 तासांत सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुधा आठवडाभरात ओसरतो. दर तीनचार दिवसांनी अर्धा कप कमी करत गेलात तर फारसं जाणवतही नाही.

औषधांबद्दल गप्प राहणं

मानसिक आजारांवरच्या काही औषधांशी कॅफीनचा संबंध येतो. लिथियम घेणाऱ्याने अचानक कॉफी सोडली तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. क्लोझापिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण उलट कॅफीन वाढवल्याने चढतं, तर फ्लुवोक्सामिन या औषधामुळे कॅफीनच शरीरात खूप वेळ टिकून राहतं. यांपैकी काही चालू असेल तर रोजचे कप वाढवण्याआधी किंवा घटवण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना विचारा.