फिनटेकमध्ये यायचंय? अडकलेल्या पैशापासून सुरुवात करा

बी.कॉम., बी.एम.एस. किंवा बँकिंग अँड इन्शुरन्स करणारी मुलं भेटली की फिनटेकबद्दल, म्हणजे तंत्रज्ञानावर चालणाऱ्या पैशाच्या सेवांबद्दल, एक प्रश्न हमखास येतो: "ताई, आम्हाला कोडिंग येत नाही, मग फिनटेकमध्ये आम्हाला कोण घेणार?" ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) जिओ वर्ल्ड सेंटरला ग्लोबल फिनटेक फेस्टला, म्हणजे या क्षेत्रातल्या मोठ्या मेळाव्याला, जाऊन आल्यापासून मी याचं उत्तर जास्त ठामपणे देते. कोडिंग येत असेल तर उत्तमच. पण या क्षेत्रात जिथे जिथे पैसा अडकतो, तिथे तो शोधणारी, जुळवणारी आणि योग्य खात्यात पोचवणारी माणसं लागतात. आणि डेबिट-क्रेडिटचा पाया पक्का असलेल्या मुलांना हे काम लवकर जमतं.

मी स्वतः रिकॉनमध्ये काम करते. रिकॉन म्हणजे रिकन्सिलिएशन, व्यवहारांचा ताळमेळ. त्यामुळे फेस्टमध्ये मोठ्या मंचावर एखादी घोषणा झाली की माझ्या मनात लगेच येतं, हे फसलं तर पुढे काय होणार? त्या फेस्टमध्ये यूपीआयला पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरण्याची सोय जाहीर झाली. ज्यांना पिन लक्षात राहत नाही अशा वयस्कर माणसांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. पण उद्या कल्याणमधल्या एखाद्या आजी म्हणाल्या, "मी हे पैसे पाठवलेच नाहीत," तर त्यांची तक्रार कोण तपासणार, कोणत्या नोंदी बघणार, कुणाची जबाबदारी ठरवणार? त्या प्रश्नांची उत्तरं शोधणं म्हणजेच नोकऱ्या आहेत, आणि हे मला तिथे उभं असताना अगदी स्पष्ट दिसलं.

आकार लक्षात घ्या. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यात हजारात एक जरी अडकला असं धरलं, तरी महिन्याला दोन कोटी अडकलेले व्यवहार होतात. हा फक्त हिशेबासाठी धरलेला आकडा आहे, पण त्यातल्या प्रत्येकामागे कुणाचं तरी भाडं, औषध, क्लासची फी असते.

आता एक व्यवहार नीट उघडून बघू, कारण मुलाखतीत तुम्हाला याचाच उपयोग होणार आहे. दादरच्या फुलबाजारात तुम्ही २०० रुपयांची फुलं घेतली, क्यूआर स्कॅन केला, तुमच्या खात्यातून पैसे गेले, पण फुलवाल्या मावशींचा साउंडबॉक्स बोललाच नाही. मध्ये काय झालं? तुमच्या ॲपने विनंती पाठवली, ती एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) स्विचवरून, म्हणजे बँकांमध्ये निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेवरून, तुमच्या बँकेकडे गेली, बँकेने खात्यातून रक्कम वजा केली. मग स्विचने मावशींच्या बँकेला सांगितलं की रक्कम जमा करा. आणि त्या बँकेचं उत्तर वेळेत आलंच नाही. रक्कम जमा झाली की नाही, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं. ही अवस्था अतिशय अवघड, कारण घाईने पैसे परत केले आणि तिकडे जमाही झालेले असतील, तर तेच पैसे दोनदा जातात.

इथे रिकॉनची टीम येते. बँकेच्या खातेवहीतली नोंद, स्विचकडून आलेली फाइल आणि समोरच्या बाजूची नोंद या तिन्ही आरआरएनवर, म्हणजे व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकावर, जुळवल्या जातात. जे जुळलं ते बाजूला. जे उरलं, त्यावर दिवसभर काम. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात याची मुदत ठरवून दिली आहे: माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांच्या आत, आणि त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. मला यातली सर्वांत आवडणारी तरतूद अशी की ही भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न बघता द्यायची आहे. मावशींना किंवा तुम्हाला कुठेही खेटे घालावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार. तो विचार दररोज खरा करण्याचं काम एक्सेल आणि एसक्यूएल घेऊन बसलेली माणसं करतात.

एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधण्याची संगणकाची भाषा, हा शब्द वाचून घाबरू नका. प्रोग्रामिंगच्या मानाने ते खूप सोपं आहे. दोन तक्ते जोडून न जुळलेल्या ओळी बाहेर काढता येणं, एवढ्यावर सुरुवात होते.

रिकॉनखेरीज डिस्प्यूट आणि चार्जबॅक (वादातले व्यवहार आणि त्यांचे पैसे परत करणं), केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं) आणि मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याला, प्रतिबंध, फ्रॉड रिस्क, कम्प्लायन्स (नियम पाळले जातात का ते बघणं) हीही दारं आहेत. कर्ज देणाऱ्या ॲपवर रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये डिजिटल लेंडिंगचे नियम आणले, त्यानंतर कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जाते का, सगळे खर्च आधी दाखवले जातात का, हे तपासणारी माणसं लागू लागली. कायद्याची भाषा शांतपणे वाचण्याची सवय असेल तर हा भाग जरूर बघा.

फेस्टला प्रत्यक्ष कसं जायचं? मेट्रो ३ आता थेट बीकेसीला सोडते, नाहीतर वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनहून शेअर रिक्षा. पासचे प्रकार आधी बघून ठेवा आणि तुमच्या कॉलेजला किंवा कंपनीला त्याबद्दल विचारायला लाजू नका. बरीच भाषणं नंतर यूट्यूबवर येतात, म्हणून मी सभागृहात कमी बसते आणि स्टॉलवर जास्त फिरते. गर्दी ओसरलेली वेळ, म्हणजे दुपारच्या जेवणानंतरची, बोलण्यासाठी सर्वांत चांगली.

स्टॉलवर सेल्सची माणसं माहितीपत्रक देतील, ते घ्या. पण विचारा की ऑपरेशन्समधलं कुणी इथे आहे का. असेल तर एकच नेमका प्रश्न विचारा: "तुमच्याकडे पेंडिंग व्यवहार दिवसअखेरीस कसे मिटवता?" हा प्रश्न ऐकून समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. एका स्टॉलवर मी हेच विचारलं, तर तिथला अधिकारी बाकी सगळं सोडून कागदावर बाण काढून समजावत बसला, आणि थोड्या वेळात आम्ही दोघंही इंग्रजीवरून मराठीवर आलो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते. पॅनेल इंग्रजीत असतात, हे खरं. पण कामाची समज तुम्हाला असेल, तर तुटक्या इंग्रजीत विचारलेला नेमका प्रश्न सफाईदार इंग्रजीतल्या गोड बोलण्यापेक्षा लक्षात राहतो. माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

तयारीसाठी महागड्या कोर्सच्या आधी फुकट मिळणारी सामग्री संपवा. एनपीसीआय दर महिन्याला बँकनिहाय तक्ते प्रसिद्ध करते. त्यात टीडी आणि बीडी असे दोन रकाने दिसतील. टीडी म्हणजे यंत्रणेच्या बिघाडाने फसलेले व्यवहार. बीडी म्हणजे चुकीचा पिन, अपुरी शिल्लक अशा कारणांनी नाकारलेले. सहा महिन्यांचे तक्ते एक्सेलमध्ये घ्या, तीन बँका निवडा, टीडी कुठल्या महिन्यात वाढला ते बघा आणि एका पानावर लिहून काढा. नंतर प्रमाणपत्र हवंच असेल तर कुर्ल्याच्या आयआयबीएफचे (बँकिंगचं शिक्षण आणि परीक्षा घेणारी संस्था) केवायसी आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधावरचे अभ्यासक्रम बघा; बँकांमध्ये त्या नावाला वजन आहे.

ते एक पान जपून ठेवा. फेस्टमध्ये ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांना त्याच आठवड्यात लिंक्डइनवर दोन ओळींचा निरोप पाठवा, कुठल्या स्टॉलवर काय बोललो याची आठवण द्या आणि सोबत ते पान जोडा. नोकरी मागू नका, निष्कर्ष बरोबर आहे का एवढंच विचारा.