कोकणच्या दमट हवेत १९१३ ची फोर्ड: जुन्या गाडीचं स्केल मॉडेल कसं जोडावं

किट पावसाळ्यात हातात पडलं तर खोका जरूर उघडा. भाग मोजा, सूचनापत्रक दोन-तीनदा वाचा, सुटे भाग कापून घासूनही ठेवा. स्प्रेचा डबा मात्र दिवाळीपर्यंत कपाटातच राहू दे. मी मालवणात राहून गाड्यांची मॉडेलं जोडतो, आणि माझी जी मॉडेलं बिघडली ती बहुतेक सगळी हवेनं बिघडवली. सूचनापत्रकात ‘रंग द्या, वाळू द्या’ एवढंच छापलेलं असतं. जूनमध्ये भिंतीला घाम फुटतो त्या घरात रंग कसा वाळवायचा, हे आपलं आपण शिकावं लागतं. म्हणून हा लेख.

कोणती गाडी घ्यावी

पहिलीच जुनी गाडी असेल तर फोर्ड मॉडेल टी घ्या. युक्रेनच्या आयसीएम कंपनीचं १९१३ च्या मॉडेल टी रोडस्टरचं १:२४ प्रमाणातलं किट आहे. दोन माणसांची, उघडी गाडी. उघडी असल्यामुळे सीट, सुकाणू, पायातले पेडल सगळं वरून दिसतं, आणि ते दिसावं म्हणूनच तर आपण एवढा खटाटोप करतो.

ही गाडी १९०८ ते १९२७ एवढी वर्षं बनत राहिली आणि दीड कोटीहून जास्त बनली. चार सिलिंडरचं २.९ लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम २० अश्वशक्ती. १९१३ सालीच फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात झाली. वयाचा अंदाज हवा असेल तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवा. तो १९१०-११ चा, म्हणजे ही गाडी त्याहून दोन-तीन वर्षांनी धाकटी.

१:२४ चा अर्थ एकदा नीट डोक्यात बसवून घ्या. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर १०० इंच, म्हणजे २५४ सेंटिमीटर. त्याला २४ नं भागलं की साडेदहा सेंटिमीटर. याच हिशोबानं मॉडेलवर राहिलेला एक मिलिमीटरचा गोंदाचा थेंब खऱ्या गाडीवर अडीच सेंटिमीटरचं ढेकूळ ठरतो. हे लक्षात राहिलं की हात आपोआप जपून चालतो.

लागणारं सामान

भाग कापायचा चांगला निपर, धारदार चाकू, बारीक टोकाचा चिमटा, ४०० ते १५०० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, प्लास्टिक मॉडेलचं पातळ सिमेंट, थोडं फेविकॉल. आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटरही घ्याच. आपल्याकडे तो चैनीची वस्तू नाही.

आणि माडाचे हीर. खराटा बांधायला झावळीचे हीर काढतात तेच. मी सुके, सरळ हीर वीतभर लांबीचे कापून डब्यात ठेवतो. टोक तिरकं छाटलं की त्याची कड सिमेंटचा इतकासा थेंब उचलते, बाटलीच्या ब्रशला तेवढा कमी थेंब जमत नाही. हीर लवचिक असतो, त्यामुळे प्लास्टिकवर ओरखडा येत नाही. रंग ढवळायलाही तोच, आणि रंगवलेला दिवा वाळेपर्यंत टोचून ठेवायलाही तोच. विकतच्या साहित्यातलं काहीच मला इतकं उपयोगी पडलेलं नाही.

पोलादी चाकू आणि कानशी उघड्यावर ठेवू नका, खाऱ्या वाऱ्यानं चार दिवसांत गंज धरतो. काम झालं की तेलाचा हात फिरवून बंद डब्यात.

धुणं, कापणं, घासणं

सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिला स्प्रू म्हणतात. साच्यातून भाग सहज सुटावेत म्हणून वापरलेलं तेलकट द्रव्य त्यांच्यावर राहिलेलं असू शकतं, आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून चौकटी अखंडच धुवा. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते वाळलं की प्लास्टिकवर पांढरे ठिपके राहतात, तेव्हा शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्या. वाळवायला पडवीत सावलीत ठेवा, चिऱ्याच्या अंगणात उन्हात नको. तापलेल्या चिऱ्यावर पातळ मडगार्ड वाकडं होऊ शकतं.

भाग एका कापात काढू नका. आधी लांबून कापा, मग उरलेला खुंट भागालगत कापा, आणि शेवटचा कण पॉलिश पेपरनं घासा. एकदम लगत कापलं तर प्लास्टिक तडकून तिथे पांढरा डाग पडतो आणि काळ्या मडगार्डवर तो रंगाखालूनही जाणवतो.

चाकांना वेळ द्या. प्रत्येक चाकाला लाकडी १२ आरे असतात. बैलगाडीचं चाक जवळून पाहिलेल्याला हे चाक लगेच कळतं: मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर पाट्यांचं वर्तुळ. फक्त लोखंडी धावेच्या जागी रबर. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची बारीक रेघ प्रत्येक आऱ्यावर दोन्हीकडून आलेली असते. चाकूची धार उभी धरून ती खरवडायची, कापायची नाही. चार चाकं, ४८ आरे. मी एका संध्याकाळी एकच चाक करतो. आणि पुढची-मागची चाकं मिसळू देऊ नका. खऱ्या गाडीचे पुढचे टायर तीन इंच जाडीचे आणि मागचे साडेतीन इंचांचे. १:२४ मध्ये हा फरक अर्ध्या मिलिमीटरएवढाच उरतो, पण गाडी कपाटात उभी राहिली की डोळ्याला खटकतो.

आधी सांगाडा

खालचा सांगाडा, आस, पाटे (म्हणजे स्प्रिंगा) आणि इंजिन आधी जोडा. या गाडीला पुढे एक आणि मागे एक असे दोनच पाटे, तेही आडवे. पातळ सिमेंट प्लास्टिकला चिकटत नाही, प्लास्टिकच विरघळवून दोन भाग एकजीव करतं. म्हणून दोन भाग आधी कोरडेच जुळवून धरा आणि हिराच्या टोकानं सिमेंट फटीला टेकवा, ते आपसूक आत ओढलं जातं. जिथे सांधा येणार तिथे आधी रंग लागला असेल तर तो खरवडून काढा, रंगावर सिमेंटचं काही चालत नाही. चकचकीत मुलामा दिलेल्या भागांचंही तसंच.

सांगाडा सपाट काचेवर ठेवून चारी टोकं टेकतात का पाहा. सिमेंट पुरतं धरायच्या आत, म्हणजे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, तो पिळून सरळ करता येतो. दुसऱ्या दिवशी नाही. एक चाक अधांतरी राहिलेली गाडी कितीही छान रंगवा, ती उभी राहिल्यासारखी वाटत नाही.

रंग कोणता

माझ्या भाच्यानं खोका बघताच विचारलं, “मामा, फोर्ड काळीच ना?” पुष्कळांचा हाच समज असतो आणि तो अर्धाच खरा आहे. मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळू लागली १९१४ पासून. त्याआधी करडा, हिरवा, लाल, निळा असे रंग होते, आणि १९१२ पर्यंत सगळ्या गाड्या गडद निळ्या आणि मडगार्डं काळी असं ठरून गेलं होतं. म्हणजे आपली १९१३ ची गाडी निळीच. हा निळा इतका गडद हवा की सावलीत काळा वाटावा आणि दारातल्या उजेडात नेला की निळा दिसावा. लाकडी आऱ्यांवरही कारखान्यात रंग चढत असे, म्हणून मी चाकं निळीच ठेवली.

टायरना कुळकुळीत काळा देऊ नका. रबरात काजळी घालायची पद्धत तेव्हा नुकती रुजत होती आणि झिंक ऑक्साइडमुळे टायर फिकट दिसत. मळकट पांढऱ्यात चिमूटभर करडा मिसळा. रेडिएटर पितळेचा. त्याला आधी चकचकीत काळा द्या, तो पूर्ण वाळला की वर पितळी रंगाचा पातळ हात द्या. आपल्या समईवर दोन दिवस हात फिरला नाही की जी मंद झळाळी येते, ती हवी.

रंग कधी

एका श्रावणात दोन सरींच्या मधे ऊन पडलं म्हणून मी काळ्या मडगार्डांवर घाईघाईनं लॅकर मारला. पाच मिनिटांत त्यावर दुधाच्या सायीसारखी पांढुरकी झाक चढली. कारण साधं आहे. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगात अडकते. मडगार्डं वाचली, पण त्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबून त्यावर सावकाश उडणाऱ्या थिनरचा पातळ फवारा मारावा लागला.

तेव्हापासून माझा नियम: हायग्रोमीटर ७० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे नाही. थंडीतही वेळ पाहावी लागते. पहाटे दव असतं, आणि दुपारपासून खारा वारा सुटून समुद्राचा ओलावा घरात आणतो. मधली दहा ते बाराची वेळ सगळ्यात कोरडी. तेवढ्यात प्रायमर, दुसऱ्या दिवशी निळ्याचे दोन पातळ हात, आणि मग दोन दिवस त्याला हात लावायचा नाही.

ज्यांना पावसाळ्यात थांबवत नाही त्यांनी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशनं द्यावेत. ते वाळायला जास्त वेळ घेतात, पण साय धरत नाहीत. रंगाचे हात पातळ ठेवा आणि एका हातानंतर दुसरा देण्याआधी पूर्ण दिवस जाऊ द्या. आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत मूर्ती सुकवायला हॅलोजनचे दिवे लावतात. ते बघून मॉडेलजवळ तसला दिवा लावायचा मोह होतो, तो आवरा. हे प्लास्टिक पॉलिस्टायरिनचं, शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि थिनरची वाफ तापलेल्या दिव्याजवळ पेटू शकते. त्यापेक्षा रंगाचा वास गेला की भाग पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करून ठेवा.

बारकावे

सुकाणूच्या दांड्यावर दोन छोट्या दांड्या असतात, त्या विसरू नका. डावी ठिणगीची वेळ मागेपुढे करायला, उजवी इंजिनाचा वेग वाढवायला. पायात तीन पेडल, पण अ‍ॅक्सिलरेटर एकही नाही. डावं गिअरचं, मधलं गाडी मागे घ्यायचं, उजवं ब्रेकचं. पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि पेट्रोल नुसत्या उतारानं इंजिनात जायचं. टाकीत थोडं उरलं असताना उभा चढ आला की चालक गाडीचं तोंड फिरवून ती रिव्हर्समध्ये चढवत. करूळ घाटातून जाताना मला हे हमखास आठवतं.

पायरीच्या फळीवर एक नळकांडं बसवायचं असतं, ते दिव्यांसाठी कार्बाइडचं. आंब्यामुळे हे नाव आपल्याकडे बदनाम आहे आणि आंबे पिकवायला त्यावर बंदीही आहे. या गाडीत मात्र त्याच कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकून अ‍ॅसिटिलीन वायू तयार होई आणि पुढचे मोठे दिवे त्यावर जळत. बाजूचे छोटे दिवे आपल्या कंदिलासारखे, रॉकेलचे. नळकांड्यापासून दिव्यापर्यंत वायूची नळी जायची. किटमधली नळी तुटली तर स्प्रूचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या आचेपासून दोन बोटं वर फिरवत धरा. मऊ पडून लोंबायला लागला की आचेवरून काढा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. केसाएवढी बारीक तार निघते.

पुढची काच सुपरग्लूनं चिकटवू नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरं धुकं धरतं, आणि दमट हवेत ते जास्तच. फेविकॉलचा थेंब हिरानं कडेला लावा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसानं पुसून निघतो.

कुठे ठेवावी

पश्चिमेच्या खिडकीत नको. तिथे ऊनही येतं आणि खारा वाराही. काचेच्या बंद पेटीत ठेवा आणि गाडीच्या मागे, दिसणार नाही अशी, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते काढून जाड तव्यात अगदी मंद आचेवर परतून घ्या, मूळ रंग परत आला की गार करून पुन्हा पेटीत. त्यासाठीचा तवा वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा घेऊ नका. पावसाळ्यात हे मला दर तीन-चार आठवड्यांनी करावं लागतं, दिवाळीनंतर पाहावंही लागत नाही.