अमेरिकेला मिक्सर नेताय? आधी उलटा करून बघा

पुण्याहून अमेरिकेला निघताना बॅगेत मिक्सर ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. माझ्या बहिणीने नेला. तिथे पोचल्यावर शेंगदाण्याची चटणी करायला घेतली, तर पाती नुसतीच गरगरली, दाणे तसेच! आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. निम्म्या दाबावर मोटरला जोर कुठून येणार? पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे दुकानदार क्वचितच सांगतो. ७५० वॅटच्या मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर तर मिक्सरपेक्षा जड.

म्हणून बूड उलटं करून लेबल वाचा. ‘१००-२४०’ असेल (फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा असतंच) तर फक्त पिन बदला. नुसतं ‘२३०’ असेल तर घरीच ठेवा आणि अमेरिकेसाठीचा ११० व्होल्टचा मिक्सर मागा; पुण्यात विजेच्या वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत चौकशी करा. जर्मनी, इंग्लंडला २३०च आहे, तिथे आपला मिक्सर चालतो, पिन तेवढी वेगळी.

आणि येताना उलटं: तिकडचा १२० व्होल्टचा हेअर ड्रायर पुण्यात कृपा करून लावू नका, क्षणात जळतो.