पहिली गिटार: आधी स्टीलची पट्टी, मग गाण्याची

माझी पहिली गिटार काळी कुळकुळीत होती. दुकानात टांगलेल्या रांगेत ती सगळ्यात चकचकीत, म्हणून घेतली. घरी आणून तार दाबली की बोटात कळ जायची. ई मायनर हा कॉर्ड (एकदम वाजवायचा स्वरांचा गुच्छ) कसाबसा लागायचा, सी लागायचाच नाही. आपली बोटंच नाजूक, असं मी ठरवून टाकलं आणि गिटार माळ्यावर गेली. दोन-अडीच वर्षांनी ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मित्र घरी आला. त्याने ती खाली काढली, बंदूक धरावी तशी डोळ्याला लावून नेकवरून, म्हणजे तारा दाबतो त्या लांब दांडीवरून, नजर टाकली आणि म्हणाला, "ही मलापण वाजवता येणार नाही."

म्हणून हा लेख. छंद म्हणून वाजवायला घेताना पहिल्या गिटारीकडून दोनच अपेक्षा ठेवा: ती दाबायला सोपी असावी आणि सुरात राहावी. रंग, कंपनीचं नाव, नेकवर कोरलेली नक्षी हे सगळं नंतर.

आधी जात ठरवा

बाजारात तीन जाती दिसतील. स्टीलच्या तारांची अकूस्टिक, नायलॉनच्या तारांची क्लासिकल आणि इलेक्ट्रिक.

हिंदी-मराठी गाण्यांना साथ करायची असेल, तर बहुतेकांना अकूस्टिकच हवी असते. तिचा नेक अरुंद, नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) साधारण 43 मिलिमीटर. क्लासिकलचा तिथेच सुमारे 52 मिलिमीटर भरतो, म्हणजे तारा एकमेकींपासून लांब आणि बोटांना जागा जास्त. नायलॉन मऊ असतं, बोटं कमी दुखतात, पण आवाज गोल आणि हळुवार येतो. सगळ्या तारांवरून हात फिरवत जोरात स्ट्रमिंग केलं की तो पसरतो. जाड बोटांच्या माणसाने किंवा एकेक तार छेडण्याची आवड असणाऱ्याने क्लासिकल नक्की हाताळून पाहावी.

एक सावधगिरी. क्लासिकल गिटारीला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण 70 किलोच्या घरात जातो, नायलॉनचा 40 च्या आसपास. क्लासिकलची बांधणी हलकी असते. काही महिन्यांत ब्रिज, म्हणजे पुढच्या फळीवरची तारा अडकवलेली पट्टी, उचकटून हातात येऊ शकतो.

"आधी अकूस्टिक, मगच इलेक्ट्रिक" हा नियम कुठून आला कोण जाणे. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक आणि खाली असतात, उलट ती दाबायला सोपी. अॅम्पचा (आवाज मोठा करणाऱ्या डब्याचा) खर्च वाढतो हे खरं, पण हेडफोन लावता येतो. सोसायटीत रात्री साडेदहाला वाजवायचं असेल तर हा मोठाच फायदा.

आकाराचंही बघा. दुकानात सर्रास दिसणारी रुंद कमरेची मोठी गिटार म्हणजे ड्रेडनॉट. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1916 साली हा आकार काढला आणि नाव दिलं ब्रिटिश युद्धनौकेचं. नावाप्रमाणे ती दणदणीत वाजते, पण बेताच्या उंचीच्या माणसाचा उजवा खांदा तिच्यावर हात टाकून वर चढतो. बसून पाहा. खांदा कानाकडे जात असेल तर लहान अंगाची घ्या. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी थ्री-फोर्थ मिळते. "मोठा होईल तेव्हा पुरेल" म्हणून पूर्ण मापाची घेणं म्हणजे पहिलीतल्या मुलाला पाचवीचा गणवेश शिवण्यासारखं.

दुकानात जाताना खिशात पट्टी

साधी 15 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी न्या. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची चालत नाही, कारण तिच्या शून्याआधी थोडी कोरी जागा असते आणि इथे हिशेब अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

नेकवरच्या आडव्या धातूच्या दांड्या म्हणजे फ्रेट, दोन फ्रेटमधली जागा म्हणजे घर. नटकडून मोजत बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी ठेवा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. यालाच अॅक्शन म्हणतात. अकूस्टिकवर सगळ्यात बारीक तारेखाली 2 मिमीच्या आसपास आणि जाड तारेखाली अडीच असेल तर उत्तम. तीनपर्यंत चालेल, दुकानदार सेट करून देणार असेल तर. माझ्या काळ्या गिटारीवर ते अंतर साडेचार निघालं होतं. क्लासिकलवर मात्र तीन ते चार मिमी नेहमीचंच, तिथे घाबरू नका.

मग गिटार डोळ्यासमोर आडवी धरून नटकडून ब्रिजकडे पाहा. नेक जवळजवळ सरळ दिसला पाहिजे, मध्ये अगदी किंचित खोलगट चालेल. पिळलेला दिसला तर ती गिटार परत टांगा, मग किंमत काहीही असो. आतला लोखंडी ट्रस रॉड फिरवून वाक दुरुस्त होतो, पीळ होत नाही.

यानंतरची तपासणी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक घर दाबून वाजवा. कुठे झणझण येते का, कुठे आवाज मरतो का. वाजवता येत नसलं तरी हे कुणालाही जमतं. दुकानातले लोक बघतील, बघू द्या.

आता मोबाइलमधलं ट्यूनर अॅप काढा. तार मोकळी वाजवून सुरात लावा, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा आणि काटा साधारण मध्यावर राहायला हवा. काटा बराच सरकत असेल तर ही गिटार खाली सुरात आणि वर बेसूर वाजणार, आणि दोष मात्र तुमच्या कानाला जाणार.

शेवटी तळहात नेकच्या कडेने अलगद फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर दुसरी मागा.

लाकडाबद्दल दुकानदार बरंच बोलेल. सॉलिड टॉप म्हणजे पुढची फळी एकसंध लाकडाची, लॅमिनेट म्हणजे थर चिकटवलेली. साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या भोकाच्या, कडेला वाकून पाहिलं की थर दिसतात. सॉलिडचा आवाज चांगला, यात वाद नाही. पण कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पहिली गिटार घेणाऱ्याला मी लॅमिनेटच सुचवेन. पावसाळ्यात ती कमी फुगते आणि तिचे लाड करावे लागत नाहीत.

पैसे किती

तीन-चार हजारांतही गिटार मिळते आणि नशीब असेल तर बरी निघते. पण वरच्या सगळ्या परीक्षांत उतरण्याची शक्यता 8 ते 12 हजारांच्या पट्ट्यात बरीच वाढते. यामाहासारख्या कंपन्यांची नवशिक्यांसाठीची मॉडेल्स याच पट्ट्यात आहेत. दहा हजारांचं बजेट असेल तर सगळे गिटारीवर घालवू नका. त्यातून सेटअप, केपो (तारांवर आडवा बसणारा चिमटा), तारांचा एक जादा संच, दोन-तीन पिक (तारा छेडायच्या छोट्या चकत्या) आणि पाठीवर घेता येणारी बॅग निघायला हवी. सेटअपला, म्हणजे नट आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून तारा खाली आणून घ्यायला, वेगळे काही शे रुपये मोजावे लागले तरी बिनदिक्कत मोजा. चकचकीत पॉलिशवर गेलेल्या पैशांपेक्षा ते जास्त वाजतात.

सेकंडहँडचा विचार जरूर करा. उत्साहाने घेऊन तीन महिन्यांत सोडलेल्या गिटारी शहरात चिक्कार आहेत. तिथेही हीच पट्टी, हाच ट्यूनर. शिवाय ब्रिजच्या मागची कड बघा. तिथे कागद सरकत असेल तर ब्रिज सुटायला लागलाय.

लावायची कशी

तारा मोजतात बारीककडून जाडकडे, म्हणजे पहिली तार सगळ्यात बारीक. गिटार मांडीवर घेतली की ती जमिनीच्या बाजूला येते, म्हणून सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो. जाड सहावीपासून स्वर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. पेटी येणाऱ्यांसाठी: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत तीन.

तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. वर गेली तर आधी उतरवा आणि पुन्हा चढवा, नाहीतर थोड्या वेळात ती सुटते. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात आणि सारख्या उतरतात. गिटार खराब नाही, रोज लावत राहा. घरातल्या पेटीबरोबर वाजवायचं असेल तर अॅप बाजूला ठेवून पेटीवरून लावा. जुन्या पेट्या अॅपच्या सुराशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, आणि पेटी काही गिटारीसाठी खाली उतरणार नाही.

पहिले दोन महिने

डाव्या हाताची नखं कापा. अगदी मुळापर्यंत. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

बोट फ्रेटवर नाही, फ्रेटच्या लगेच मागे ठेवा. तिथे सगळ्यात कमी जोर लागतो. ई मायनरपासून सुरुवात करा, पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या घरात, बस. मग ए मायनर आणि सी. ए मायनरवरून सी वर जाताना पहिली दोन बोटं जागची हलतच नाहीत, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात जाते. मग जी आणि डी.

कॉर्ड लागणं फार अवघड नाही. एकावरून दुसऱ्यावर वेळेत पोचणं अवघड. घड्याळ लावून एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा ये-जा होते ते मोजा आणि आकडा वहीत लिहा. पहिल्या दिवशी बारा, पंधराव्या दिवशी तीस. हा आकडा वाढताना बघणं मला तरी गाण्याइतकंच आवडायचं. रोज वीस मिनिटं पुरे. रविवारी सलग दोन तास बसलात तर सोमवारी बोटं हात जोडतील. तीन-चार आठवड्यांत बोटांना घट्टे पडतात आणि दुखणं जातं.

उजव्या हातासाठी आपल्याकडे तयार गुरू आहे: तबला. केरव्याच्या आठ मात्रा तोंडाने मोजा. पहिलीला हात खाली, तिसरीला खाली, चौथीला वर, सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात हलतो, पण तारेला लागत नाही. दादऱ्याला सहा वेळा खाली, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोर. एवढ्यावर घरगुती मैफल निभावते.

आता गाण्याची पट्टी

आई म्हणते, "मी काळी पाचमध्ये गाते." गिटार शिकवणारा म्हणतो, "जी कॉर्ड धर." या दोघांची भेट घालून देतो तो मघाचा चिमटा, केपो. एक घर म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून. जी म्हणजे पांढरी पाच. तिथून तीन घरं पुढे काळी पाच. म्हणजे केपो तिसऱ्या घरात लावा आणि जीचेच कॉर्ड वाजवा. काळी एकसाठी केपो पहिल्या घरात आणि सीचे कॉर्ड. काळी चारसाठी पहिल्या घरात आणि जीचे. पांढरी चारसाठी तिसऱ्या घरात आणि डीचे. एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायचे बार कॉर्ड न शिकता घरातल्या बहुतेक गळ्यांना साथ देता येते.

अभंगाला किंवा रागावर बेतलेल्या चालीला मात्र कॉर्ड दर वेळी बसत नाहीत. ओढूनताणून मायनर-मेजर लावले की चालीचा जीव जातो. तिथे मी दुसरंच करतो. सहावी तार ईवरून डीपर्यंत उतरवतो. आता सहावी, पाचवी आणि चौथी या तीन मोकळ्या तारा म्हणजे पांढरी दोनचे खर्ज, पंचम आणि षड्ज. अंगठ्याने सावकाश छेडा: पाचवी, चौथी, चौथी, सहावी. तानपुऱ्याचा क्रम हाच. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पाचवी तार दोन घरं उतरवून मध्यमावर आणा. गाणाऱ्याची पट्टी वेगळी असेल तर केपो आहेच. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तो भरलेला गुंजारव, येत नाही, पण आजी डोळे मिटून गायला लागते.

पावसाळ्यात

वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा. मुंबईच्या दमट हवेत नाहीतर महिन्याभरात गंज चढतो आणि बोटं काळी होतात. तारांचा संच तीन-चार महिन्यांनी बदला. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका. जून ते सप्टेंबर ती बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. विदर्भात उलटा प्रकार, मे महिन्यात कूलरच्या थेट झोतात नको आणि पत्र्याखालच्या खोलीत तर नकोच. गाडीच्या डिकीत ती कुठल्याच ऋतूत ठेवू नका.

बाकीचे आठ महिने तिला बॅगेत कोंडू नका. स्टँडवर, हाताशी, बसायच्या जागेजवळ ठेवा. चहा उकळेपर्यंत ए मायनरवरून सी वर दहा वेळा जाऊन येता येतं.