टेक्ससमध्ये पहिलं पिस्तूल घेण्याआधी

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मकिनी या पट्ट्यात घर घेतलं की वर्षा-दोन वर्षांत बहुतेक मराठी घरांत हा विषय निघतोच: घरात पिस्तूल ठेवायचं का, आणि ठेवायचं तर कोणतं? यामागची भीती खोटी नाही. २०१७ साली कॅन्सस राज्यातल्या ओलेथमध्ये एका भारतीय इंजिनिअरला बारमध्ये गोळी घालून मारलं, तेव्हा इथल्या प्रत्येक घरात फोन खणखणले होते. सोन्यासाठी आशियाई आणि भारतीय कुटुंबांची घरं हेरून दरोडे घालणाऱ्या टोळीवर मिशिगनच्या केंद्रीय न्यायालयात खटला चालला, त्यातही टेक्ससमधली घरं होती. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की लग्नातलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, दारं-खिडक्या नीट करा, बाहेर उजेड आणि कॅमेरा लावा. चोर ज्यासाठी येतो ते घरात नसेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

एवढं करूनही पिस्तूल हवंच असेल, तर मॉडेल बघण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा.

एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. टेक्ससचा कायदा कितीही सैल असला तरी हा नियम त्याच्या वरचा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जातं. ऑफिसातले सहकारी प्रेमाने म्हणतात, ‘चल शनिवारी रेंजवर’, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी. भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’च ठरतं. कायद्यात शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद आहे. तो खरा आहे, पण गेट-टुगेदरमध्ये ऐकलेल्या माहितीवर विसंबून तो वापरू नका. आपल्या इमिग्रेशन वकिलाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ईएडी, म्हणजे नोकरी करायची परवानगी देणारं कार्ड, आलं म्हणजे ग्रीन कार्ड आलं असंही नाही. माझं स्पष्ट मत आहे की ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबावं. ग्रीन कार्डसाठी आपल्या लोकांची रांग फार लांब आहे हे माहीत आहे, पण इतक्या वर्षांची वाट एका पिस्तुलापायी धोक्यात घालू नये.

दुकानात खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. नागरिकत्व आणि व्हिसाचे प्रश्न त्यात सरळ विचारलेले असतात, आणि खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. पार्श्वभूमीची तपासणी पास झाली की टेक्ससमध्ये सक्तीने थांबायची मुदत नाही, त्यामुळे तासाभरात पिस्तूल घेऊन बाहेर पडता येतं. मित्राचं ग्रीन कार्ड आलंय, त्याच्या नावावर घेऊ या, हा विचार तर मनातूनच काढून टाका. दुसऱ्यासाठी अशी खरेदी करण्याविरुद्ध २०२२ पासून केंद्राचा वेगळा, कडक कायदा आहे.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते. नवरा-बायकोपैकी एकाचं ग्रीन कार्ड झालेलं असतं, दुसऱ्याचं नाही. किंवा आई-बाबा सहा महिन्यांसाठी टुरिस्ट व्हिसावर आलेले असतात. त्यांनाही हाच नियम लागू आहे. तिजोरीचं कुलूप त्यांना उघडता येत असेल, तर पिस्तूल त्यांच्याही ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. तेव्हा तिजोरीचा नंबर फक्त ज्याला कायद्याने परवानगी आहे त्याच्याकडे असू द्या. आईने कितीही आग्रह केला, तरी तिला नंबर सांगू नका.

तिजोरी पिस्तुलाच्या आधी घरी आली पाहिजे. पलंगाशेजारी भिंतीला किंवा जड फर्निचरला स्क्रूने पक्की बसवता येईल अशी, बटणांच्या कुलपाची छोटी पेटी चांगली. कपाटाचा वरचा कप्पा, गादीखाली, देवघरामागे, हे चालणार नाही, मुलांना घरातली प्रत्येक जागा ठाऊक असते. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली आणि तुम्ही ती नीट सुरक्षित ठेवली नव्हती, तर तो तुमचा गुन्हा आहे. आणि मनापासून सांगतो, धोका फक्त लहान मुलांचा नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात नोकरी गेलेलं कोणी असेल, अभ्यासाच्या ओझ्याखाली गप्प झालेला अकरावी-बारावीचा मुलगा असेल, बाळंतपणानंतर खचलेली बाई असेल, तर त्या काळात पिस्तूल घरात आणू नका. आधीच असेल तर ते घराबाहेर सुरक्षित ठेवायची सोय करा. ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत-नंबरवर दिवसरात्र कोणीतरी बोलायला असतं. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

आता प्रत्यक्ष पिस्तूल. दुकानातला माणूस काय विकतो त्यापेक्षा तुमच्या हातात काय बसतं ते महत्त्वाचं. ज्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात तिथे जा, आधी प्रशिक्षकाबरोबर एक प्राथमिक वर्ग करा, मग तीन-चार पिस्तुलं झाडून बघा. काडतूस ९ एमएमचं घ्या. ‘मोठी गोळी हवी, पॉइंट फॉर्टी-फाइव्ह घे’ असं सांगणारे भेटतील. पण एफबीआयसुद्धा पॉइंट फॉर्टीची मोठी गोळी सोडून ९ एमएमवर परतली आहे: झटका कमी, नेम लवकर पुन्हा बसतो, आणि गोळ्या स्वस्त असल्याने सराव होतो.

नवख्या माणसाला छोटं पिस्तूल आवडतं, कारण ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात उलट असतं. जितकं लहान आणि हलकं, तितका मनगटाला धक्का जास्त आणि नेम चुकण्याची शक्यता जास्त. सिग पी-३६५ सारखं बारकं पिस्तूल अंगावर बाळगायला छान आहे, पण फक्त घरासाठी ग्लॉक १९ किंवा त्या मापाचं, साधारण ४ इंची नळीचं पिस्तूल जास्त समजूतदार निवड आहे. हातात जोर कमी असेल, संधिवात असेल, तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढणं हाच खरा अडथळा असतो. अशांनी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी हातात घेऊन बघावं, त्याची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवली आहे. रिव्हॉल्व्हर साधं असतं हे खरं, पण छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा ५ गोळ्या आणि ट्रिगर जड. मी ते पहिलं पिस्तूल म्हणून सुचवत नाही.

रेंजवर जाताना बंद गळ्याचा शर्ट घाला. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी तापलेली बाहेर उडते आणि कधीकधी नेमकी गळ्यातून आत शिरते. माणूस दचकतो, वळतो, आणि हातातलं भरलेलं पिस्तूल शेजारच्याकडे वळतं. पुंगळी चटका देत राहिली तरी नळी समोरच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, पिस्तूल खाली ठेवायचं, मग शर्ट झटकायचा. दुसरं बघण्यासारखं म्हणजे डावा अंगठा. उजव्या हाताने धरणाऱ्यांचा तो नकळत स्लाइडच्या मागे जातो आणि स्लाइड परत येताना कातडं सोलून निघतं. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढे तोंड करून. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण तर हवंच.

सरावासाठी साध्या गोळ्या, घरात ठेवायला हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणारी गोळी. कारण इथली घरं. आपल्याकडच्या विटांच्या भिंती विसरा. इथे लाकडी सांगाडा आणि त्यावर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे पातळ पत्रे, जे गोळीला अडवतच नाहीत. हॉलो पॉइंटसुद्धा नेम चुकला तर दोन-तीन भिंतींपलीकडे जाऊ शकते. म्हणून दिवसाउजेडी घरात फिरून बघा: तुमच्या खोलीच्या दारापलीकडे कोणाचा पलंग आहे? अपार्टमेंट असेल तर पलीकडे शेजाऱ्याचा आहे.

रात्री काच फुटल्याचा आवाज आला तर घर धुंडाळत फिरायचं नाही. सगळ्यांना ठरलेल्या एका खोलीत घ्या, दार लावा, ९११ला पत्ता सांगा, घरात पिस्तूल कोणाकडे आहे आणि त्याने काय कपडे घातलेत तेही सांगा. पोलीस आत येतील तेव्हा हात रिकामे हवेत, घरमालक कोण आणि चोर कोण हे त्यांना ठाऊक नसतं. टेक्ससचा कायदा स्वतःच्या घरात बचाव करणाऱ्याला बराच आधार देतो. तरीही समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय गोळी नाही. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीन पार्टीसाठी चुकीच्या घरी गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. उद्या चुकीचं दार वाजवणारा आपलाच कोणी पोरगा असू शकतो.

बाहेर नेण्याबद्दल थोडक्यात. २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तरी एलटीसी, म्हणजे हँडगन बाळगायच्या टेक्ससच्या परवान्याचा वर्ग करा, कायदा नीट समजतो आणि परवाना इतर बऱ्याच राज्यांत चालतो. मराठी शाळा भाड्याच्या शाळेत भरत असेल तर तिथे पिस्तूल नेणं गंभीर गुन्हा आहे, रविवार असला तरी. नोकरी बदलून न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला निघालात, तर सामान बांधण्याआधी तिथले नियम वाचा: दोन्हीकडे मॅगझीनला, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरायच्या डबीला, १० गोळ्यांची मर्यादा आहे, आणि न्यू जर्सीत हॉलो पॉइंट बाहेर नेण्यावर निर्बंध.

आणि भारतात जाताना रेंजची बॅग कधीही प्रवासाला वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. रेंजसाठी वेगळी, गडद रंगाची बॅग घ्या, तिच्यावर ठळक खूण करा, आणि ती घरातल्या सुटकेसच्या कपाटात ठेवू नका.