जुन्या जीपचा सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी अर्थची पट्टी तपासा

सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, लागला नाही की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: "बॅटरी गेली, भाऊ." दुसरा: "सेल्फ खोला, बांधून घ्या." मी दोन्ही सल्ले पैसे मोजून ऐकलेत. माझ्या १९९४ च्या डिझेल जीपला नवी बॅटरी पडली, सेल्फ बांधून आला, आणि तरी सावद्याकडच्या एका केळीच्या बागेत ती 'टक्' करून गप्प बसली. सपाट काळं रान, ढकलायला उतार नाही. घड कापणारे चौघे धावून आले म्हणून निघालो. दोष निघाला अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या, दोन बोटं रुंद तांब्याच्या पट्टीत.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, चाकाला दगड. हातातलं कडं, अंगठी काढा. बॅटरीची केबल सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, पुढचं सगळं नंतर. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा बॅटरीचं पाणी भराभर आटतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला. घरच्या फिल्टरचं चालत नाही.

आता चावी फिरवा आणि ऐका. काहीच आवाज नाही? मग सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट सोडणारा मोठा स्विच) बारीक वायरला चावी फिरवताना १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर चावीचा स्विच किंवा मधली वायर; ट्रॅक्टर असेल तर क्लचजवळचा सेफ्टी स्विचही. टकटकटक असा लागोपाठ आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली नाहीतर टर्मिनल ढिलं. नुसता घुर्रर आवाज करून सेल्फ मोकळाच फिरला तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं दातेरी चाक इंजिनला भिडवणारा भाग. आणि एकच जोरदार 'टक्' आला तर पुढचं नीट वाचा.

त्याआधी एक. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पेचकस टेकवून गाडी सुरू करून दाखवणारे प्रत्येक गावात आहेत. तो करंट सेफ्टी स्विचला वळसा घालून जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होतो आणि शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर जातो. माझ्या अंगणात मी हे कुणालाही करू देत नाही.

मी वर्षभर फसलो ते इथे. वायरमनने मीटरची बीप लावून प्रत्येक केबल तपासली, सगळीकडे बीप वाजली, "वायरिंग ओके." पण बीप वाजायला केबलची एक तार शिल्लक असली तरी पुरते. सेल्फ ओढतो २०० अँपिअरच्या घरात. वाटेत एक ओमचा शंभरावा भाग अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि साधा मीटर एवढा बारीक ओम दाखवतच नाही. म्हणून केबल तपासायची ती सेल्फ ओढत असताना, व्होल्टवर.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच. दुसरं सेल्फच्या बॉडीवर, रंग-तेल खरवडून. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेलची स्टॉप केबल ओढून धरायची. चावीला भाचा बसला होता. "मामा, मारू का?" "मार, पण मोजून पाच सेकंद." मीटरवर २.४. तिथे ०.३ च्या वर काही दिसता कामा नये.

मग टप्पे पाडले. खुंट ते क्लॅम्प: जवळपास शून्य. क्लॅम्प ते चेसिस: ०.१. चेसिस ते इंजिन: २.२. सापडलं! इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्याला चेसिसशी जोडते ती फक्त अर्थची पट्टी. तेल आणि धुळीच्या थराखाली ती हिरवी पडून अर्धी तुटली होती. आणि मी ओढून धरलेली स्टॉप केबल? तिचं आवरण हाताला चटका देत होतं. वाट मिळेना म्हणून करंट तिच्यातून चालला होता. तुमची ॲक्सिलरेटर किंवा स्टॉप केबल अशी तापत असेल तर मीटरसुद्धा लागणार नाही.

खात्री करायला जंपर केबलने बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला जोडा. सेल्फ दणक्यात फिरला की विषय संपला. नवी जाड पट्टी, दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत घासून, बोल्ट कसून. ग्रीस कसल्यानंतर वरून. टोकाचं थिंबल (बोल्टाखाली बसणारी कडी) हातोडीने चेचलेलं घेऊ नका, दाबयंत्राने दाबलेलं मागा.

अर्थ चांगली निघाली तर पॉझिटिव्हची बाजू: खुंटापासून सोलेनॉइडच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ च्या आत. मग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये. चावी फिरवण्याआधी तिथे १२ दिसतात, घाबरू नका. सेल्फ मारताना ०.३ च्या वर राहिले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत.

हे सगळं ठीक असून बॅटरीवर सेल्फ मारताना १० व्होल्ट टिकत असतील, तरच सेल्फ खोला. आधी कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) आणि बुश (शाफ्टखालच्या पितळी कड्या) बघायला सांगा. वायंडिंगचं नाव दुकानदाराने काढण्याआधी.